चौदावं पुस्तक

३ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

खोकं पोचलं. पोचल्याचं कळवायला हवं म्हणून हे पत्र. माझी तब्येत ठीक आहे. उजवा गुडघा कुरकुर करतो, पण कारखान्याच्या शिवणखोलीतलं काम बसूनच असतं, तेव्हा निभतं. जाऊबाईंना आणि मुलीला विचारलं म्हणून सांगा. मुलगी आता कॉलेजात असेल.

खोकं आणणाऱ्याने ते उंबऱ्यात आदळलं आणि म्हणाला, "मावशी, विटा भरल्यात का?" मी म्हटलं, विटा असत्या तर कामाला आल्या असत्या.

तुमच्या चिठ्ठीत दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही घर बदलताय, नव्या घरात जागा नाही, आणि ही पुस्तकं दादाची म्हणून माझ्याकडे असावीत. दुसरी, नव्या धुलाई कारखान्यात तुम्हाला यंत्रांवर घ्यायला तयार आहेत, पण ते जुन्या कारखान्याचा कागद मागतात, आणि त्या कागदात माझा जबाब आहे. तो मी मागे घ्यावा. सहा वर्षांत एक ओळ नाही आणि पहिल्या चिठ्ठीत हे. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी पुस्तकं.

'ध्रुवापार'चे चार सिनेमे मी पाहिले आहेत आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. कप्तानबाई, तिचा सहचालक आणि इंजिनखोलीतला नटबोल्ट, ही तीन माणसं होती. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी सहचालक यान वाचवायला दाराच्या पलीकडे राहतो आणि दार बंद होतं. तेव्हा तुमचे दादा रुमालात तोंड घालून बसले होते आणि तुम्ही त्यांना कोपराने ढोसत होता, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथे थांबायला हवं होतं. पण सिनेमे संपले आणि ही पुस्तकं सुरू झाली. एकवीस कादंबऱ्या आणि वर कॉमिकांचा गठ्ठा. शिवणखोलीत कुणी उरलेल्या चिंध्या जोडून चादर करून आणली, तर मी ती परत पाठवते.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. मला वाचायची गोडी लागली ती दादांच्या बोटाखालून ओळी सरकताना बघून, आणि ती ह्याच पुस्तकांवर. तेव्हा मला वाटायचं, पुस्तक म्हणजे असंच असतं. वाचनालयातल्या बाईंनी मला पुढे चांगली पुस्तकं दिली आणि मग कळलं की मी इतके दिवस काय चघळत होते. म्हणून गेले दहा दिवस खोक्यातलं एकेक काढून पुन्हा वाचलं. आता बोलायला मला हक्क आहे.

तिसऱ्यात कप्तानबाईचे डोळे दहाव्या पानावर तपकिरी आहेत आणि नव्वदाव्यावर निळे. लेखकाने स्वतःचं पुस्तक वाचलेलं नाही. मी का वाचावं? सहाव्यात कुणीच काही म्हणत नाही. एक गुरगुरतो, दुसरी उद्गारते, तिसरा दातओठ खात पुटपुटतो. सरळ "म्हणाला" असं लिहायला ह्या माणसाला कुणी बंदी केली होती का? आठव्यात अख्ख्या आकाशगंगेत बारा माणसं राहतात आणि ती रोज एकमेकांवर आदळतात. कोणत्याही चंद्रावर उतरा, कोपऱ्यात सिनेमातलाच कुणीतरी बसलेला. आमच्या समोरच्या दारातली बाई मला महिना महिना दिसत नाही.

अकरावं पुस्तक कप्तानबाईच्या जाकिटावर आहे. ते तिला कुठे मिळालं, आधी कुणाचं होतं, भोक कसं पडलं. तीनशे पानं. शिवणाऱ्या माणसाने लिहिलं असतं तर मी आवडीने वाचलं असतं. ह्याला बाही कुठे जोडतात तेही माहीत नाही. एकदा ती जाकिटाच्या गुंड्या लावते, एकदा साखळी ओढते. जाकीट तेच.

कॉमिकं तर बोलायची सोय नाही. बायकांना असे पोशाख घातलेत की आत श्वास घ्यायला जागा नाही, आणि ह्या बाया हवा नसलेल्या ठिकाणी उड्या मारतात. आणि नटबोल्टची नखं पांढरी स्वच्छ. तीस वर्षं इंजिनात हात घालणाऱ्याची नखं. मी बावीस वर्षं तशी नखं पाहिली आहेत. साबण, लिंबू, ब्रश, कशानेही ती कड जात नाही.

तुम्ही दोघं ह्यावर भांडायचात हे आठवतं का? दादांचं म्हणणं, सिनेमे खरे, कादंबऱ्या अर्ध्या खऱ्या, कॉमिकं खोटी. तुमचं म्हणणं, छापलं ते सगळं खरं. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं, ओल्या चादरींचे गाडे ढकलत ह्यावर आवाज चढवायची. जाऊबाई म्हणायच्या, "ह्या दोघांना एकाच यानात बसवून पाठवून द्या, परतीचं तिकीट नको." मी हसायचे. आता वाटतं, इतकं बोलून तुम्ही भाऊ एकमेकांना नेमकं काय सांगत होता कोण जाणे.

पुस्तकांत वाचण्यासारखं एकच आहे, आणि ते छापलेलं नाही. समासात दादांचं पेन्सिलीतलं अक्षर आहे. नटबोल्ट इंजिनात शिरला की प्रत्येक वेळी शेजारी लिहिलंय, "पाटी?" दुसरं काही नाही. एकोणीस ठिकाणी. कारण इथल्या कारखान्यात कपडे धुण्याच्या ढोलात उतरणाऱ्याने आपल्या नंबराची पत्र्याची लाल पाटी बटणाशेजारच्या खुंटीला लावायची, बाहेर आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायची, दुसऱ्याने तिला शिवायचं नाही. पाटी आहे तोवर बटण दाबायचं नाही. दादांना वाटायचं, एवढं मोठं अंतराळयान आणि ह्यांना एक पाटी टांगायची अक्कल नाही.

जो माणूस कागदावरच्या माणसालाही पाटीशिवाय आत जाऊ देत नव्हता, तो स्वतः पाटीशिवाय ढोलात उतरला असं तुम्ही चौकशीत सांगितलंत. मी सांगितलं की सकाळी निघताना पाटी त्यांच्या खिशात होती. मग ती सापडली का नाही? खुंटीवर नव्हती, त्यांच्या अंगावर नव्हती, घरात नव्हती. बटणापाशी तुम्ही एकटे होता. मी तेव्हा म्हटलं तेच आताही म्हणते. पाटी काढून बटण दाबलंत, दादा आत असताना, घाईत असेल, चुकून असेल, आणि मग ती कुठेतरी फेकलीत. जबाब मागे घेणार नाही.

एक पुडकं वर्तमानपत्रात बांधलेलंच आहे. चौदावं असावं. ते तूर्त तसंच ठेवलं आहे.

तुमच्या दादांची बायको

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. इकडे ठीक. छपराला गळती होती, ती काढून घेतली. कारखान्यात नवा ढोल आलाय, आवाज कमी करतो, त्यामुळे बायकांची बोलणी जास्त ऐकू येतात.

चार पानी पत्र लिहिलंत आणि त्यातली तीन पानं नवव्या पुस्तकाच्या बचावात. म्हणता, "वहिनी, तुम्ही जरा जास्तच कडक मास्तरीण झालात." नववं मी पुन्हा काढलं. बरं, एक पान चांगलं आहे. कप्तानबाई रिकाम्या शेजारच्या खुर्चीचा पट्टा रोज बांधून ठेवते, तो सुटा लोंबकळू नये म्हणून. ते लिहिणाऱ्याला काहीतरी माहीत होतं. पण पुढच्याच पानावर तीन डोक्यांचा व्यापारी येतो आणि तिन्ही डोकी विनोद करतात. एका पानासाठी मी पुस्तकाला माफ करत नाही.

जबाबाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला वाटलं होतं भांडाल. शेवटी फक्त एवढंच: "ती नोकरी जाऊ दे, वहिनी. खरं सांगायचं तर आता माझाच मला भरवसा वाटत नाही. कधी वाटतं, पाटी असेल खुंटीवर, मलाच दिसली नसेल. डोळे मिटले की खुंटी दिसते. कधी रिकामी, कधी लाल."

हे वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही.

पुडक्याबद्दल तुम्ही लिहिलंत की ते दादांनी त्या सकाळी कारखान्याच्या फाटकाशी तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते कपाटात टाकलं, आणि नंतर सोडवायचा धीर झाला नाही. मी बघितलं, वर्तमानपत्रावर त्याच दिवसाची तारीख आहे. गाठही दादांचीच. धोब्याच्या मेणदोऱ्याची, दुहेरी, टोकं आत खुपसलेली. वाचायची पाळी बदलताना पुस्तक असं बांधून द्यायचं, म्हणजे वाटेत कुणी डोकावणार नाही, ही तुमची दोघांची पोरकट पद्धत.

चौदावं मी वाचलं आहे. निम्मं. त्याच सकाळी.

सांगते, कारण तुम्हाला माहीत नसेल. दादा अंघोळीला गेले होते. टेबलावर त्यांचा डबा, चष्मा, कालच्या शर्टातून काढून ठेवलेल्या वस्तू, असा रोजचा पसारा. मी चहाचा कप घेऊन चौदावं वाचत बसले. थोड्या वेळात ते तुमच्याकडे जाणार, म्हणून जमेल तेवढं उरकत होते. एकशे बाराव्या पानावर दार उघडतं आणि सहचालक आत येतो. एक सिनेमा आणि तेरा पुस्तकं मेलेला माणूस, केस विंचरून. मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन ओरडले, "आला हो तुमचा मेलेला परत." आतून पाण्याच्या आवाजात म्हणाले, "पुढे वाच. कारण दिलंय."

मी पुढे वाचलं नाही. एवढा राग आला होता. चांगलं मरण दिलं होतं त्याला, सगळं थिएटर रडलं होतं, आणि ह्या लेखकाने ते वाळत घातलेल्या कपड्यासारखं दोरीवरून ओढून काढलं. मेलेल्या माणसाला परत आणणारं पुस्तक म्हणजे वाचणाऱ्याला मूर्ख समजणारं पुस्तक. हे माझं मत त्या दिवशी सकाळी सात वाजता होतं. त्याच सकाळी अकरानंतर मी ह्या विषयावर कुणाशी बोलले नाही.

दादा अंग पुसत आले आणि म्हणाले, "दे इकडे, आज त्याची पाळी." पान दुमडलेलं त्यांना चालत नसे. पान दुमडणाऱ्याचा हात तोडावा म्हणायचे. म्हणून मी हाताला लागलं ते काहीतरी खूण म्हणून आत घातलं आणि पुस्तक मिटून दिलं. त्यांनी बांधलं.

काहीतरी घातलं. पुठ्ठ्याचा तुकडा असेल.

पुडकं अजून सोडलेलं नाही. शिवणखोलीत सध्या काम फार आहे.

कळावे.

२ मार्च

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा. जाऊबाई घरी असतील तर त्यांनाही वाचू द्या. मी बरी आहे.

रविवारी सकाळी पुडकं सोडलं. कात्री लावली नाही. गाठ सोडवायला वेळ लागला, मेण वाळून दगड झालं होतं. चौदावं आहे. एकशे बाराव्या पानात लाल पाटी आहे. नंबर सतरा. वरच्या भोकात तारेचा आकडा, तो पानावर गंजून त्याचा डाग उमटला आहे. पाटीवरचं अक्षर स्वच्छ आहे: आत माणूस आहे, चालू करू नका.

तुम्ही ती काढली नाहीत. तुम्ही फेकली नाहीत. पाटी सहा वर्षं तुमच्या कपाटात होती आणि ती तिथे मी पाठवली होती.

आता पहिल्यापासून लिहिते, कारण मागच्या पत्रात मी आडवळणाने गेले.

पाटी टेबलावर होती, कालच्या शर्टातून काढून ठेवलेली. ती मी पाहिली. चौकशीत मी म्हणाले की खिशात पाहिली. खिशात ती मी माझ्या मनाने घातली, भाऊजी. रोज ती तिथेच जायची, म्हणून त्या दिवशीही गेली असं मी धरलं, आणि मग "माझ्या डोळ्यांनी पाहिली" असं सांगितलं. सांगताना मला ते खरंच वाटत होतं. पण पुस्तकात मी काहीतरी घातलं होतं, हे मला सहा वर्षं आठवत होतं. काय घातलं, ते मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा असेल, असं तुम्हाला लिहिलं, तेव्हा माझ्या बोटांना पत्र्याचा गारवा आठवला होता. तरी लिहिलं.

फाटकात सगळ्यांसमोर मी तुम्हाला जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तुम्ही मान खाली घालून उभे होता. मी त्याचा अर्थ मला हवा तो घेतला.

आणि दादा. ते पाटीशिवाय आत गेले. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. माझा सगळा जबाब एवढ्यासाठीच होता. तुम्ही दोषी असावं असं मला कधी वाटत नव्हतं. ते निर्दोष असावेत असं वाटत होतं, आणि दोन्ही एकाच खुंटीला टांगलेलं होतं.

सोमवारी मी पाटी रुमालात गुंडाळून मुकादमांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती उलटीपालटी केली. "सतरा," म्हणाले. मी सांगितलं ते ऐकलं. मग म्हणाले, "सुट्या पाट्या माझ्या टेबलात असतात. विसरलेला माणूस येऊन मागून नेतो. तुमचा नवरा त्या दिवशी आला नाही."

"का आला नसेल?"

"आला असता तर मी अख्ख्या कारखान्याला हाक मारून सांगितलं असतं, वहिनी. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं त्याने पाटीवरून आम्हाला छळलं. सख्ख्या भावाला एकदा अर्ध्या पाळीतून घरी पिटाळलं होतं पाटी आणायला. असं गिऱ्हाईक सापडल्यावर कोण सोडतं?"

तेव्हा मला ते दिसले. खिसा चाचपताना. दुसरा खिसा चाचपताना. अडकलेली चादर ओढून काढायची, दोन मिनिटांचं काम, आणि मुकादमाच्या टेबलापर्यंत जायचं म्हणजे सगळ्यांचं हसू. तुम्हाला तर मुळीच सांगणं नको, ज्याला त्यांनी घरी पिटाळलं होतं. हसू नको म्हणून गेले. बाकी काही नाही. एवढी बारीक गोष्ट पुस्तकात लिहिली असती तर मीच समासात लिहिलं असतं, "पटत नाही."

मुकादमांनी मला साहेबांकडे नेलं. साहेब म्हणाले, "बाई, हे आता कशाला उकरता? झालं गेलं. तुम्हाला इथे जागा दिली आहे, लोक मान देतात. ह्यात तुमचंच नाव येईल. गेलेल्या माणसाचंही."

मी म्हटलं, "नाव येऊ दे. नीट लिहा म्हणजे झालं. वाचून सही करणार आहे."

कारकुनाने लिहिलं, "सदर पाटी अनवधानाने पुस्तकात राहून गेली." मी ते खोडायला लावलं. तो म्हणाला, "मावशी, अर्थ तोच आहे." मी म्हटलं, तोच नाही. पाटी स्वतःच्या पायाने पुस्तकात गेली नाही. "मी ठेवली" असं लिही. मग त्याने लिहिलं. पुढे, "खुंटीवर पाटी नव्हती आणि बटणावरच्या कामगाराने नियमाप्रमाणेच बटण दाबलं" हेही लिहून घेतलं. तीनदा वाचलं, मग सही केली. त्याची शिक्क्याची प्रत सोबत आहे. मूळ कागद ते परस्पर तुमच्या नव्या कारखान्याला पाठवतील, तसं साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं. आठ दिवसांत गेला नाही तर मी पुन्हा जाऊन बसेन. माझा गुडघा दुखतो, तोंड दुखत नाही.

पाटी त्यांनी कागदांसोबत ठेवून घेतली. मी मागितली नाही.

तुम्ही लिहिलं होतं, डोळे मिटले की खुंटी दिसते, कधी रिकामी, कधी लाल. ती रिकामी होती, भाऊजी. तुमच्या डोळ्यांनी बरोबर पाहिलं होतं. त्या दिवशी बरोबर पाहणारे तुम्ही एकटेच होता. हे मी माझ्या अक्षरात लिहून देते, शंका आली की काढून वाचा.

माफ करा असं लिहायला बसले होते, पण सहा वर्षांवर तो शब्द ठेवून बघितला, पुरत नाही. जाऊबाईंनी त्या वर्षी माझ्या दारात येऊन तीनदा कडी वाजवली होती आणि मी आत बसून होते. मुलीचं अक्षर असलेलं एक पाकीट मी न फोडता परत केलं होतं. हेही माझ्या नावावर लिहा. साहेबांच्या कागदात ते मावलं नाही.

आता चौदावं. ते मी रविवारी दुपारी पुढे वाचलं. दादांनी सांगितलं होतं ना, कारण दिलंय. एकशे एकतिसाव्या पानावर दिलंय. दाराच्या पलीकडे म्हणे एक दुसरं दार होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं. इतकं भिकार कारण मी ह्या एकवीस पुस्तकांत वाचलेलं नाही. तिसऱ्या सिनेमात ती भिंत सगळ्या बाजूंनी दाखवली आहे, दार असतं तर दिसलं असतं. दादांनी समासात काहीच लिहिलेलं नाही. इथे त्यांनी प्रश्न विचारला नाही, त्याला येऊ दिलं. मी ते पान दोनदा वाचलं. मग पुन्हा एकशे बारावर गेले, तो आत येतो तिथे, आणि तेही वाचलं.

मत बदललेलं नाही. पुस्तक टाकाऊच आहे.

ते सोबत पाठवते. बाकीची राहू देत माझ्याकडे, पण हे तुमचं. त्या दिवशी तुमची पाळी होती. त्याच दोऱ्याने बांधलं आहे, गाठ मात्र माझी आहे, दादांसारखी जमली नाही. एकशे बाराव्या पानात जुन्या चादरीची काठ दुमडून शिवलेली पट्टी घातली आहे. तिथे गंजाचा डाग आहे, घाबरू नका. वाचून झालं की ते कसं वाटलं ते कळवा, नववं चांगलं म्हणणाऱ्या माणसाला हेही आवडायचं. भांडायला मी आहे. पत्राने नको असेल तर रविवारी मी दिवसभर घरीच असते, आणि कडी वाजली तर ह्या वेळी उघडेन.

तुमची वहिनी. हा शब्द पहिल्या दोन पत्रांच्या शेवटी मी मुद्दाम लिहिला नव्हता. नको असेल तर खोडा.

पान दुमडू नका.